जंगलातली पायवाट दुरुस्त करायची म्हणजे

आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरच्या रविवारी चालायला जाणाऱ्या ग्रुपने महूच्या पुढे जंगलातली एक पायवाट तिथल्या वन समितीच्या, म्हणजे वन विभागाबरोबर जंगल सांभाळणाऱ्या गावातल्या समितीच्या, लोकांबरोबर दुरुस्त केली, हे कळल्यापासून बरेच जण विचारून राहिलेत की परवानगी कुठून काढली, काम कोणी केलं, आम्हालाही अमुक डोंगरावर असंच करायचंय तर सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच ठेवते. लांबलचक होईल, पण यातलं अर्धंमुर्धं सांगितलं तर कोणीतरी उत्साहात गैंती (कुदळ)-फावडं घेऊन थेट जंगलात जाईल आणि अडचणीत येईल, म्हणून लांबच बरं.

जागेचं नाव लिहीत नाहीये, आणि ज्यांना माहीत आहे त्यांनीही ते कुठे टाकू नये ही मनापासून विनंती. वन विभागाच्या चोरल रेंजमध्ये आहे, पठाराच्या काठावरून वाट खाली नाल्यात उतरते, खाली एक छोटा धबधबा आहे, एवढं पुरे. आधी तिथे फक्त गावातली माणसं, त्यांची गुरं आणि आमच्यासारखे थोडे चालणारे जायचे. मग रील्समध्ये ती जागा आली आणि पावसाळ्याच्या रविवारी गाड्यांची रांग गावाच्या शाळेपर्यंत जायला लागली. तेवढी माणसं पेलण्यासाठी ती वाट नव्हतीच कधी.

वाट का खराब झाली हे आधी समजून घ्यावं लागतं, नाहीतर दुरुस्तीचा काही उपयोग होत नाही. आपलं माळव्याचं पठार महूच्या पुढे एकदम संपतं, विंध्याचा काठ तुटतो आणि खाली निमाड सुरू होतं. पातालपाणी, तिंछा, चोरलच्या आजूबाजूचे सगळे लहानमोठे धबधबे याच तुटलेल्या काठावर आहेत. वरती काळी माती, खाली मुरूम, त्याच्या खाली बेसाल्ट. इंदूरला वर्षाला साधारण ३७-३८ इंच पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. म्हणजे आठ महिने वाट कोरडी आणि भुसभुशीत होत राहते, आणि मग चार महिने तिच्यावरून पाणी धावतं. आता वाट जर उताराच्या सरळ दिशेने खाली जात असेल तर पाण्याला आयता नाला मिळतो. पहिल्या वर्षी बोटभर खाच पडते, मग वीतभर, मग गुडघ्याएवढी. खाचेतून चालता येत नाही म्हणून लोक बाजूने चालतात, बाजूचं गवत मरतं, तिथे दुसरी खाच सुरू होते, मग तिसरी. आमच्या वाटेवर मधल्या टप्प्यात दोन माणसं शेजारी चालतील एवढी जागा असायला हवी तिथे ट्रॅक्टर जाईल एवढा पट्टा उघडा बोडका झाला होता, सागाची मुळं हवेत, आणि एका मोठ्या मोहाच्या बुंध्याखालची माती अर्धी निघून गेलेली. तो मोह बघून मला फार वाईट वाटलं होतं, कारण त्या एका झाडाखाली मार्च-एप्रिलमध्ये गावातल्या दोन घरच्या बायका टोपल्या भरून फुलं वेचतात, त्यांच्या वर्षाच्या कमाईतला तो एक हिस्सा आहे.

आमच्यात एक काका आहेत, सिंचाई विभागातून रिटायर झालेले. आम्ही सगळे म्हणत होतो की पायऱ्या करू, रेलिंग करू. काका म्हणाले, आधी मला ही वाट भर पावसात दाखवा, मग बोलू. म्हणून आम्ही मोजके लोक जुलैत चांगला धो धो पाऊस सुरू असताना गेलो, छत्र्या असून नसल्यासारख्या, आणि काका वरच्या टोकापासून खाली उतरत फक्त पाणी बघत होते. कुठून पाणी वाटेत शिरतंय, कुठे ते वाटेतून बाहेर जाऊ शकलं असतं पण काठ उंच झाल्यामुळे जात नाहीये, कुठे दोन धारा एकत्र येताहेत. प्रत्येक ठिकाणी ते शेजारच्या दगडावर ऑइल पेंटचा छोटा ठिपका देत होते. नंतर हिवाळ्यात जेव्हा तीच वाट कोरडी बघितली तेव्हा त्या ठिपक्यांशिवाय आम्हाला काहीच कळलं नसतं. ज्यांना कुठेही असं काम करायचं असेल त्यांनी दुसरं काही ऐकलं नाही तरी चालेल, पण पावसात एकदा जाऊन बघा.

आता परवानगीचं. पहिला प्रश्न असतो की जमीन कोणाची. वाटेचा वरचा भाग, जिथे लोक गाड्या लावत होते, तो महसूलचा निघाला, म्हणजे पटवारी आणि पंचायतीचा विषय. मुनाऱ्याच्या पलीकडे आरक्षित वन. मुनारे म्हणजे ते दगडी किंवा सिमेंटचे खांब ज्यांच्यावर नंबर असतो, वन विभागाची हद्द त्यांनी कळते. इंदूर वनमंडलात इंदूर, महू, चोरल आणि मानपूर अशा रेंज आहेत, प्रत्येक रेंजमध्ये बीट, आणि बीटचा वनरक्षक, ज्याला आपल्याकडे सगळे नाकेदार म्हणतात. आम्ही सुरुवात नाकेदारांपासून केली आणि तेच बरोबर ठरलं, कारण त्यांनीच जंगलाच्या त्या तुकड्याचा कक्ष क्रमांक सांगितला, अर्जात काय लिहायचं ते सांगितलं आणि गावातल्या समितीच्या अध्यक्षांशी गाठ घालून दिली. अर्ज रेंजरसाहेबांमार्फत डीएफओ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य वन अधिकाऱ्यांच्या, ऑफिसला गेला.

अर्जात आम्ही काय काय लिहिलं ते सांगते, कारण हाच भाग लोकांना अवघड वाटतो. नवीन वाट काढणार नाही, आहे त्याच वाटेवर काम करू. झाड तोडणार नाही, फांदीसुद्धा नाही. सिमेंट, लोखंड काही वापरणार नाही, फक्त तिथेच पडलेले सुटे दगड आणि माती. आग पेटवणार नाही, चहासुद्धा थर्मासमध्ये घरून आणू. सूर्य मावळायच्या आत सगळे बाहेर. काम करणाऱ्यांच्या नावांची यादी आणि ओळखपत्रांच्या झेरॉक्स. आणि सोबत समितीचा ठराव की गावाला हे काम हवं आहे. वाटेचा हाताने काढलेला नकाशा जोडला, त्यावर मोबाइलच्या जीपीएसने घेतलेले पॉइंट टाकले. भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे आरक्षित वनात परवानगीशिवाय खणणं, दगड काढणं, आग लावणं हे सगळं गुन्ह्यात येतं, हेतू कितीही चांगला असला तरी, त्यामुळे ‘आम्ही तर भलंच करायला चाललोय’ हे उत्तर तिथे चालत नाही आणि चालू नयेच असं माझं मत आहे. जंगल सगळ्यांचं आहे, म्हणूनच ज्याला वाटेल त्याने त्यात फावडं घालू नये. इंदूरजवळच्या रालामंडलसारखी जागा असेल तर गोष्ट अजून वेगळी, ते १९८९ पासून अभयारण्य आहे, तिथे वन्यजीव संरक्षण अधिनियम लागू होतो आणि बाहेरच्या लोकांनी वाटेला हात लावायचा प्रश्नच येत नाही, तिथे मदत करायची असेल तर विभाग जे काम सांगेल तेच करायचं.

वेळ लागला. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद जायला जेवढा लागतो तेवढा लागला, मध्ये एक अधिकारी बदलून गेले, पण कोणी पैसे मागितले नाहीत की कोणी उडवून लावलं नाही हे मला आवर्जून लिहायचंय. उलट रेंजर स्वतः वाटेवर येऊन गेल्या आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली जी आमच्या डोक्यात नव्हती, की काम दिवाळीनंतर सुरू करा आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत संपवा. दिवाळीनंतर मातीत अजून थोडी ओल असते, दगड बसतो, माती दाबली जाते. आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून आगीचा मोसम सुरू होतो, पानगळ झालेली असते, साग आणि पळसाची पानं कोरडी ठणठणीत होऊन जमिनीवर पडलेली असतात, मोहाची फुलं दिसावीत म्हणून खालचा पाला जाळायची सवय काही ठिकाणी अजून आहे, आणि त्या दिवसांत देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहावरून आगीचा मेसेज आला की सगळा स्टाफ तिकडे पळतो. तेव्हा तुमच्या वाटेकडे बघायला कोणी रिकामं नसतं आणि तुम्हीही जंगलात असू नये.

गावातली मीटिंग मात्र सगळ्यात महत्त्वाची होती. भिलाला आणि भील लोकांची वस्ती जास्त, समितीचे अध्यक्ष म्हणजे गावचे पटेल बा, सत्तरीच्या आसपासचे. आम्ही नकाशे पसरून बसलो आणि पायऱ्यांबद्दल बोलायला लागलो. बांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पायऱ्या किती उंच? काकांनी हाताने दाखवलं. बा म्हणाले, यावरून आमच्या म्हशी कशा उतरतील? तेव्हा आम्हाला पहिल्यांदा नीट समजलं की ही ट्रेकिंगची वाट नाहीच, ही त्यांची गुरांची आणि सरपणाची वाट आहे, आपण पाहुणे म्हणून तिच्यावरून चालतो. डोक्यावर मोळी घेतलेली बाई उंच पायरी उतरू शकत नाही, गाभण गाय तर अजिबातच नाही. त्यामुळे पायऱ्यांचा विचार जवळजवळ सोडून दिला, फक्त एका ठिकाणी जिथे खडकच होता तिथे रुंद आणि अगदी बुटके दगडी टप्पे केले, बाकी सगळीकडे पाणी वळवायचं काम.

आणि गावाची तक्रार वाटेबद्दल नव्हतीच. त्यांचं म्हणणं होतं की गाड्या शेतात लावतात आणि सोयाबीन तुडवलं जातं. दारूच्या बाटल्या फोडतात आणि काचा गुरांच्या खुरात घुसतात, एका घरचा बैल त्याने लंगडा झाला होता तो त्यांनी आम्हाला दाखवला. आणि एक बाई, जी तोवर मागे भिंतीला टेकून उभी होती, ती म्हणाली की आम्ही नाल्यावर कपडे धुवायला, आंघोळीला जातो तर पोरं मोबाइल घेऊन उभी असतात. हे ऐकून सगळे गप्प झाले. आमच्या ग्रुपमधल्या वहिनींनी तिथल्या तिथे सांगितलं की मग वाटेच्या दुरुस्तीच्या आधी हे ठरवू. ठरलं असं की धबधब्याच्या वरचा जो डोह बायका वापरतात त्याच्याकडे जाणारा फाटा बाहेरच्यांसाठी बंद, तिथे समितीचा एक माणूस आणि एक बोर्ड, आणि रविवारी सकाळी अकरापर्यंत धबधब्याकडेही बाहेरच्यांनी जायचं नाही. गाड्या गावाच्या अलीकडे पंचायतीच्या खळ्यावर, पार्किंगची पावती समिती फाडणार, पैसे समितीचे. मला वाटतं पुढचं सगळं टिकलं ते या एका संध्याकाळमुळे.

कामाबद्दल आता. उताराचा एक हिशोब काकांनी शिकवला तो फार कामाचा आहे. डोंगराच्या अंगाचा जेवढा उतार असेल त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त उतार वाटेला असेल तर पाणी वाट सोडून बाजूला जातच नाही, वाटेतूनच धावतं. आणि एकूण वाटेचा उतार दहा मीटरला एक मीटरच्या आसपास राहिला तर माती टिकते, तो दुप्पट झाला की काही केलं तरी वाहून जाते. आम्ही गवंडी लोक वापरतात तो लेव्हल पाइप, पाणी भरलेली पारदर्शक नळी, घेऊन मोजलं. जिथे उतार फार होता तिथे नवीन वळण काढायची परवानगी नव्हती, पण जुनी गुरांची एक नागमोडी वाट झुडपांत हरवलेली होती ती बांनी दाखवली, म्हणजे पूर्वीच्या लोकांना हे सगळं माहीतच होतं, शॉर्टकट नंतरच्या लोकांनी पाडले. त्या जुन्या वाटेवरची घाणेरी (लँटाना) काढून तीच परत सुरू केली.

घाणेरी काढायचीसुद्धा पद्धत आहे. नुसती कापली की दुप्पट फुटते. बुंध्याच्या खाली जमिनीत चार-पाच सेंटीमीटर, जिथून फुटवे येतात त्याच्या खाली, मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं वर, तसंच वाळायला ठेवायचं. मुळं खणून उपटायची गरज नाही, माती हलत नाही. हे दिल्लीच्या सी. आर. बाबू या शास्त्रज्ञांनी रूढ केलेलं तंत्र आहे आणि वनरक्षकांना माहीत होतं. आम्ही ती वाळलेली उलटी झुडपं शॉर्टकटच्या तोंडाशी रचली, वर बोराच्या वाळक्या काटेरी फांद्या, म्हणजे दुहेरी काम झालं. फळं लागलेली असताना मात्र काढू नका, ओढताना बिया सगळीकडे पडतात.

पाणी वळवायचे दगडी बांध हे मुख्य काम. वाटेला आडवे पण सरळ आडवे नाहीत, साधारण ४५ अंशात तिरके, उताराच्या दिशेने बाहेर जाणारे. सरळ आडवा घातला तर पाणी थांबतं, गाळ साचतो आणि पुढच्या पावसात पाणी वरून उडी मारून खाली खड्डा करतं. तिरका असला तर पाणी बांधाला लागून घसरत वाटेच्या बाहेर जातं. दगड मोठा घ्यायचा, दोन माणसांना उचलायला जड असा, आणि त्याचा दोन तृतीयांश भाग जमिनीत गाडायचा, वर फक्त चार बोटं दिसायला हवीत, म्हणजे म्हशीचा पायही अडत नाही आणि पाणीही वळतं. दगडांचे सांधे एकावर एक चढवायचे, कौलांसारखे, वरचा खालच्यावर. खालच्या बाजूला लहान दगडांचा भराव, गैंतीच्या दांड्याने ठोकून ठोकून. आणि जिथे पाणी वाटेच्या बाहेर पडतं तिथे लांबपर्यंत काठ कापून मोकळा करायचा आणि दगड पसरायचे, नाहीतर बाहेर पडलेलं पाणी तिथे नवीन घळ करतं. वाटेचा पृष्ठभागही किंचित बाहेरच्या बाजूला कलता करायचा, इतका किंचित की चालताना कळत नाही. पावसात काकांनी दिलेल्या प्रत्येक ठिपक्यापाशी एक बांध, आणि जिथे उतार तीव्र तिथे जास्त जवळ जवळ.

हे काम आम्ही शहरातले लोक बघता बघता शिकलो पण हात गावातल्यांचेच चालले. समितीमार्फत काम करणाऱ्यांना कलेक्टर रेटने, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराने, मजुरी दिली, तो पैसा आम्ही वर्गणीतून उभा केला. काही जणांना वाटत होतं की त्यांचीच वाट आहे, श्रमदान करावं त्यांनी. मला हे अजिबात पटलं नाही. वाट त्यांच्या गुरांनी नाही मोडली, आपल्या गर्दीने मोडली, आणि ज्याचा दिवसाचा रोजगार बुडतो त्याच्याकडून फुकट काम मागणं हे श्रमदान नव्हे. शिवाय दगड बसवण्यात तिथल्या दोन बायका इतक्या तयार होत्या की सब्बल (पहार) लावून दगड एकदा फिरवला की तो बसलाच, आमच्यातल्या इंजिनियर पोरांनी त्यांच्याकडून शिकून घेतलं.

बांधांपेक्षा जड गेलं ते लोकांचं. आपल्या इंदूरचं मला खरंच कौतुक आहे, २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं शहर, घराघरात ओला-सुका वेगळा करणारी माणसं. तीच माणसं इथे येऊन नमकीनची पाकिटं आणि डिस्पोजल टाकून जात होती. मी बऱ्याच जणांशी बोलले, रागावून नाही, खरंच समजून घ्यायला. बहुतेकांच्या मनात असं होतं की कोणीतरी उचलायला येईल, कारण शहरात रोज सकाळी गाडी येते. जंगलात गाडी येत नाही हे त्यांच्या लक्षातच आलेलं नसतं. म्हणून आम्ही डस्टबिन ठेवायचे नाहीत असं ठरवलं. डस्टबिन ठेवला की तो भरतो, मग बाजूला ढीग होतो, मग माकडं आणि रानडुकरं येऊन पसरवतात. त्याऐवजी पार्किंगच्या पावतीबरोबर एक पोतं द्यायचं आणि परत जाताना भरलेलं दाखवायचं. ते पोतं लोक आपल्या गाडीत घालून इंदूरला नेतात आणि सुक्या कचऱ्यात देतात.

आणि एक गोष्ट सांगितली की लोक लगेच ऐकतात, हे समितीच्या पोरांनाही आता पाठ झालंय. हा नाला पुढे चोरल नदीला मिळतो. चोरल बडवाहजवळ नर्मदेला मिळते. आणि बडवाहच्या खाली मंडलेश्वरजवळ जलूदला आपल्या इंदूरच्या पाण्याचे पंप आहेत, १९७८ पासून नर्मदेचं पाणी तिथून वर चढवून आपल्या नळाला येतं. म्हणजे इथे नाल्यात जे टाकलं ते आपल्याच पाण्याच्या वाटेवर टाकलं. हे सांगितल्यावर साबण-शाम्पू घेऊन धबधब्याखाली उतरलेली एक अख्खी गँग शाम्पू परत बॅगेत ठेवताना मी बघितली आहे. शौचाचंही असंच, लोक पाण्याच्या काठीच बसतात. पाण्यापासून किमान सत्तर पावलं लांब जायचं, वीतभर खोल खड्डा करायचा आणि मातीने बुजवायचा, हे बोर्डावर लिहायला समितीला संकोच वाटत होता, पण लिहिलं ते बरं झालं.

पहिला पाऊस आला तेव्हा आम्ही सगळे पुन्हा वर. सगळ्यांच्या छातीत धडधड. वरचे बांध सुंदर चालले, पाणी येत होतं, दगडाला लागून वळत होतं आणि बाजूच्या गवतात शिरत होतं, काका तर पोरासारखे एका बांधावरून दुसऱ्यावर जात होते. खालचे दोन बांध महिन्याभरात गाळाने भरले, कारण वरून मोकळी झालेली माती तिथे येऊन बसते. गाळ काढून तोच खाचेत भरला. मोहाच्या बुंध्याशी दगडांची पाळ करून माती भरली होती ती टिकली आणि नवीन गवत आलं.

पाण्याच्या बाबतीत समिती कडक आहे आणि मी पूर्ण त्यांच्या बाजूने आहे. २०११ च्या जुलैत पातालपाणीला एकाच कुटुंबातली माणसं अचानक वाढलेल्या पाण्यात वाहून गेली, तो व्हिडिओ आपल्यातल्या बहुतेकांनी बघितलाय. या सगळ्या नाल्यांचं तसंच आहे, पाऊस वर पठारावर कुठेतरी पडतो, तुमच्या डोक्यावर ऊन असतं, आणि पाणी येतं. गावातली पोरं सांगतात ती खूण अशी की पाणी एकदम गढूळ झालं, त्यात काटक्या-पानं यायला लागली किंवा आवाज बदलला की एक सेकंद न थांबता काठ चढायचा, चपला-मोबाइल काही घ्यायला वळायचं नाही. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी खालचा टप्पा दोरी लावून बंद करतात. प्रशासनाचा बंदीचा आदेश निघाला की पूर्ण बंद, पार्किंगचे पैसे बुडाले तरी. महूहून आलेले काही लोक एकदा फार भांडले की इतक्या लांबून आलो. पटेल बा त्यांना म्हणाले, चहा पिऊन जा, पण खाली नाही.

जून-जुलैबद्दल अजून एक सांगते कारण ते माझ्या फार जवळचं आहे. पावसाच्या सुरुवातीला आपल्याकडे नवरंग पक्षी येतो, खरंच नऊ रंगांचा, आणि तो घरटं जमिनीवर किंवा अगदी खालच्या फांदीत करतो, पानाकाड्यांचा गोळा असतो, पाय पडेपर्यंत कळत नाही. दूधराज, जो आपल्या मध्यप्रदेशचा राज्यपक्षी आहे, तोही याच दिवसांत नाल्याकाठच्या फांदीवर बसलेला दिसतो. शॉर्टकट बंद ठेवायला आम्ही जो इतका आग्रह धरतो तो फक्त मातीसाठी नाही, वाटेच्या बाहेर पाऊल पडलं नाही तर ही घरटी वाचतात. स्पीकरवर तर गावाने सरळ बंदीच घातली आहे.

आता दरवर्षीचं काम ठरून गेलंय. पाऊस सुरू व्हायच्या आधी, मेच्या शेवटी सगळ्या बांधांची तोंडं मोकळी करायची, राखीच्या आसपास मधला गाळ काढायचा, दिवाळीनंतर हललेले दगड परत बसवायचे. परवानगी एका मोसमापुरतीच असते, त्यामुळे अर्ज दरवेळी नव्याने करावा लागतो, जुन्या कामाचे फोटो आणि समितीचा ठराव जोडला की आता फारसा त्रास होत नाही. ज्यांना आपल्या भागात असं काही करायचंय त्यांनी आधी तिथल्या नाकेदारांना आणि गावच्या वन समितीला जाऊन भेटा, हातात काही न घेता, आणि त्यांना विचारा की वाट कोण वापरतं आणि कशासाठी. अर्जाचा नमुना आणि बांधाचं काकांनी काढलेलं चित्र माझ्याकडे आहे, मागितलं की लगेच पाठवते. आणि मेच्या शेवटच्या रविवारी ज्यांना आमच्याबरोबर गाळ काढायला यायचं असेल त्यांनी आठवडाभर आधी नाव द्यावं, यादी रेंज ऑफिसला द्यावी लागते, ऐन वेळी आलेल्याला मुनाऱ्याच्या पुढे नेता येत नाही.